पल्याडवस्तीचा मांजी सन

संपादकांनी फोनवर विचारलं, "लेखाखाली तुमचा व्यवसाय काय छापू?"

मी म्हटलं, "पत्रकं लिहिते."

मग म्हणाले, "म्हणजे कार्यकर्त्या?"

कार्यकर्ती म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, कुणाची? त्यापेक्षा पत्रकवाली बरं. या अंकात माझ्या आजूबाजूला जे लिहितात ते सगळे निवृत्त आहेत. माझं वय एकोणतीस. निवृत्त व्हायचं तर आधी कुणीतरी नोकरीवर ठेवायला हवं, ते अजून घडलेलं नाही. तरी आठ वर्षं बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हेच करते आहे, आणि त्यातला एक प्रकार असा आहे की तो मी सांगितला नाही तर दुसरं कुणीतरी चुकीचा सांगेल.

आधी धंदा समजावते. पत्रक म्हणजे अर्धं पान. कागद गुलाबी किंवा पिवळा, कारण पांढरा दिसला की लोकांना वाटतं वीजबिल आलं. खाली छापखान्याचं नाव लागतं, नाहीतर पोलिसांचा फोन येतो. पहिल्या ओळीत राग, शेवटच्या ओळीत मागणी. मधलं कुणी वाचत नाही, म्हणून सौजन्य तिथं घालावं. वाटायची जागा एकच, सकाळची डेअरी. किटल्या ओळीत ठेवल्यात, दुधाची फॅट लागायची आहे, माणूस हलू शकत नाही. अशा माणसाच्या हातात काहीही द्या, तो वाचतो.

गिऱ्हाइकं कशी येतात? पणदऱ्याचे दोघे भाऊ आले होते, बांधावरून भांडलेले. थोरला सोमवारी आला, धाकट्याविरुद्ध जाहीर निषेधाचं पत्रक पाहिजे म्हणाला. धाकटा बुधवारी आला, थोरल्याविरुद्ध. मी दोघांनाही लिहून दिलं, मला काय. शनिवारी थोरला परत आला. मला वाटलं आता शिव्या खायच्या. तो दोन्ही पत्रकं टेबलावर ठेवून म्हणाला, "त्याचं जास्त भारी झालंय. आमाला हलक्यात काढलं तुमी."

आणि जिथं माझी मान खाली जाते तेही सांगते. सोमेश्वरनगरला ऊसतोडणीच्या मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर, पाण्याची टाकी हवी होती. मी चाळीस ओळींचं जळजळीत पत्रक लिहिलं आणि वाटलं कुणाला, तर त्याच मजुरांना. एका बाईनं ते उलटसुलट करून बघितलं. म्हणाली, "ह्ये ज्याच्याकडं पानी हाय त्याला वाचाय द्या. आमाला टाकी द्या." त्या हंगामात टाकी आली नाही. माझ्या पत्रकांत भाकरी बांधलेल्या मी बघितल्या. तेव्हापासून लिहायला बसण्याआधी मी एकच गोष्ट विचारते, हे ज्याला वाचायला लावायचंय त्याचं टेबल कुठं आहे?

आता पल्याडवस्ती.

हायवेनं सोलापूरकडं जाताना डाळजच्या अलीकडं आत वळलं की ओढा लागतो. ओढ्याच्या अल्याड रस्ता, डेअरी, शाळा, दवाखान्याला जायची वाट. पल्याड चौदा घरं. मधे पूल नाही. विजेचे दोन जुने सिमेंटचे खांब आडवे टाकलेले, त्यावरून माणसं किटल्या घेऊन चालतात. आता गंमत ऐका. ओढ्याच्या काठावर सात सिमेंटच्या नळ्या पडलेल्या आहेत, इतक्या मोठ्या की आत माणूस वाकून चालेल. नळकांडी पुलासाठीच आणलेल्या. नळ्या आहेत, ओढा आहे, मुरूम आहे, माणसं आहेत. पूल नाही. का? तर ज्या योजनेतून नळ्या आल्या त्या योजनेची खात्याअंतर्गत चौकशी सुरू आहे. चौकशीचा निकाल लागेपर्यंत नळ्यांना हात लावायचा नाही. ती किती वर्षं सुरू आहे हे खात्यालाही सांगता येईना. नळ्यांवर शेवाळ येऊन वाळून परत आलेलं. आमचा प्रत्येक अर्ज इंदापूरच्या कार्यालयात जायचा, त्या जुन्या फायलीला टाचला जायचा आणि उत्तर यायचं, "सदर विषयी आपणांस यापूर्वीच कळविण्यात आले आहे." खात्याचं नाव घेत नाही. सगळी खाती भावंडंच आहेत.

मेमधे वळवाच्या एका पावसानं दोनातला एक खांब नेला.

दुसऱ्या दिवशी मला फोन आला तो वनितावहिनींचा. वनितावहिनी म्हणजे पल्याडवस्तीच्या तात्यांची सून. चार म्हशी, एक मुलगा, आणि तेव्हा सातवा महिना. मुलाच्या वेळी त्यांना कळा सुरू झाल्या तेव्हा ओढा भरलेला होता. ट्रॅक्टरच्या हवा भरलेल्या ट्यूबवर बसवून, दोर लावून ओढून नेलं होतं त्यांना.

"ताई," त्या म्हणाल्या, "मी ट्यूबवर बसायची न्हाय. एवढंच सांगाय फोन केला."

"अर्ज करूया परत," मी म्हटलं.

"अर्जावर बसून जाऊ का मग?"

आता जपान. जपान कुठून आलं ते सांगते. बारावीनंतर पुण्यात मी दीड वर्ष जपानी शिकले होते, कुणीतरी म्हणालं होतं नोकरी लागते. नोकरी लागली नाही, पण तारीख लिहायच्या धड्याला आमच्या बाईंनी जे सांगितलं ते डोक्यात राहिलं. जपानात सालाला नाव असतं. आता एका सम्राटाला एकच नाव, पण पूर्वी तसं नव्हतं. दुष्काळ पडला, धूमकेतू दिसला, आग लागली की नाव बदलायचे आणि साल परत एकपासून मोजायचे. आज ज्याला तोक्यो म्हणतात त्या शहरात साडेतीनशे वर्षांपूर्वी भयंकर आग लागली. लोक नदीकडं पळाले, पण नदीवर पूल नव्हता. शत्रू येईल म्हणून सरकारनं बांधूच दिला नव्हता. काठावर माणसं गेली ती किती गेली याचा हिशोब नाही. पुढच्या वर्षी सनाचं नाव बदललं, मांजी. अर्थ साधारण असा की सगळीकडं नीट कारभार. हा सन तीन वर्षंसुद्धा पुरला नाही, कारण मग सम्राटाचाच वाडा जळला आणि परत नाव बदललं. पण त्या एवढ्याशा मांजीत त्यांनी नदीवर पूल बांधायला घेतला.

बाईंनी आणखी एक सांगितलं होतं. त्या काळात खरी सत्ता सेनापतीकडं होती. सम्राटाच्या हातात जे थोडं उरलं होतं त्यात सालाचं नाव ठेवणं होतं, आणि तेही सेनापतीला विचारून. मला त्या सम्राटाबद्दल फार आपुलकी वाटली. माझ्या हातात तरी दुसरं काय आहे?

मी डेअरीत उभी राहून हे सगळं पल्याडवस्तीला सांगितलं. तात्या किटलीवर बसले होते. तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जाऊन आलेला माणूस, कशाचं आश्चर्य वाटत नाही.

"ह्यात नवं काय हाय?" ते म्हणाले. "आमी बी तसंच मोजतो. रोगानं मेंढरं गेली त्या साली माझं लगीन. कालवा फुटला त्या साली हा पोरगा."

"पण तात्या, तुम्ही वाईटाचं नाव धरून ठेवता. ते वाईट झालं की नाव सोडून देतात."

वनितावहिनी मागून म्हणाल्या, "म्हंजी पाटी पुसायची."

"हो," मी म्हटलं.

"मग पुसा की. आमच्या पाटीवर तसं बी काय लिवलंय?"

म्हणून आम्ही सन बदलायचं ठरवलं. खरं सांगते, मला सुरुवातीला फक्त एक झणझणीत पत्रक हवं होतं. पण नावावरून जी सभा झाली ती दोन सकाळ चालली. कुणी म्हणालं 'क्रांती सन' ठेवा. नको, ते सोसायटीच्या निवडणुकीतल्या पॅनलचं नाव. 'परिवर्तन' नको, ते पडलेल्या पॅनलचं. 'संघर्ष' शेजारच्या गावच्या तालमीचं. 'विकास' म्हटल्यावर सगळे एकदम नको म्हणाले, कारण त्या नावाचा माणूस समोरच फॅट लावत होता. देवाचं नाव घ्यावं तर चौदा घरांत तीन कुलदैवतं.

"त्या जपान्याचं काय नाव म्हणलीस?" तात्यांनी विचारलं.

"मांजी."

"ह्या नावाचं आपल्याकडं कोन हाय का?"

कुणीच नव्हतं. पक्ष नव्हता, पॅनल नव्हतं, पाव्हणा नव्हता. एकमतानं मंजूर झालं. आठ वर्षांत मी बघितलेला हा एकमेव एकमताचा ठराव.

पत्रक बारामतीला हमीदभाईंच्या छापखान्यात छापलं. हमीदभाई लग्नपत्रिका आणि माझा संताप एकाच यंत्रावर छापतात. त्यांनी हस्तलिखित चष्मा वर करून वाचलं. ते असं होतं: "जाहीर प्रकटन. उद्या सूर्योदयापासून पल्याडवस्तीवर मांजी सन पहिले सुरू होत आहे. मागील सनातील सर्व अर्ज, आश्वासने, पाहण्या व फोडलेले नारळ त्याच सनात जमा समजावेत. नवीन सनात वस्तीची एकच मागणी आहे. काठावर पडलेल्या सात नळ्या ओढ्यात बसवू द्या."

"तारीख काय टाकू?" हमीदभाईंनी विचारलं.

"दिवस पहिला, मांजी सन एक."

"पोलीस विचारतील."

"विचारलं तर सांगा, जपानची आहे."

त्यांनी थोडा विचार केला. "कागद पिवळाच ना? जपानला पिवळा चालतो?"

पुढच्या पंधरा दिवसांत मी जितकी हसले तितकी आयुष्यात कधी हसले नव्हते. पल्याडवस्ती सनात शिरली ती शिरलीच. सुटी असली तरी शाळेच्या बाहेरच्या फळ्यावर तारीख मांजीची. डेअरीच्या वहीत मांजीची. एका साखरपुड्याचा निरोप आला, "मांजी दिवस नववा, सकाळी अकरा वाजता, ट्यूबनं येण्याची तयारी ठेवावी." शेजारच्या वस्तीचे दोघे टोपी काढून तात्यांकडं आले. "आमच्या वाटंवर बी चिखुल हाय. आमाला घ्या तुमच्या सनात." तात्या म्हणाले, आधी काय तरी मोडू द्या, मग बघू. हायवेवरचा एक ढाबेवाला फोन करून विचारत होता, नवीन सनात दूधदर तेच का. तात्यांनी तर शेजाऱ्याशी बारा वर्षांचा अबोला मोडला. म्हणाले, "भांडान मागच्या सनातलं हाय. आता कशाला?"

दिवस बारावा. मी अर्ज घेऊन इंदापूरला गेले.

कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर शेंडगे भाऊसाहेब बसतात. निवृत्तीला थोडे महिने राहिलेले. आमचा प्रत्येक अर्ज त्यांनीच घेतलेला आणि त्या जुन्या फायलीला टाचलेला. टाचणीचा डबा त्यांच्या उजव्या हाताला. माझा त्या डब्यावर राग होता, माणसावर नव्हता.

त्यांनी अर्ज घेतला. वर बघितलं, परत अर्जाकडं बघितलं.

"ही तारीख काय?"

"मांजी सन एक, दिवस बारा."

"असा सन नसतो."

"वस्तीवर आहे. ठराव जोडलाय, चौदा अंगठे आणि सह्या."

त्यांनी ठराव वाचला. मग रजिस्टर उघडलं. त्यात एक रकाना असतो, पत्राचा दिनांक. पेन त्या रकान्यावर थांबलं.

"नियम काय हाय सांगू का ताई," ते हळूच म्हणाले. "रजिस्टरला पत्रावर जी तारीख हाय तीच चढवायची. माझ्या मनाची घालता येत न्हाय."

"मग चढवा."

त्यांनी चढवली. वळणदार अक्षरात, शाई गिरवून. मग सवयीनं जुनी फाइल काढली आणि टाचणी उचलली. फायलीतले कागद तारखेच्या क्रमानं लागतात. त्यांनी अर्ज सगळ्यात वर ठेवला, मग सगळ्यात खाली ठेवला, मग मधे. मांजी सन एक हा कशाच्या आधी येतो आणि कशाच्या नंतर? ते दोन मिनिटं बघत बसले. मग टाचणी डब्यात परत ठेवली.

"ह्या फायलीत बसत न्हाय हे," ते म्हणाले, आणि कपाटातून कोरी करकरीत नवी फाइल काढली.

मला त्या वेळी कळलंच नाही काय झालं. मी बाहेर येऊन चहा प्याले आणि मनात शिव्या घातल्या, झाली अजून एक फाइल. जुनी फाइल म्हणजे चौकशी. नवी फाइल म्हणजे चौकशी नाही, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. भाऊसाहेबांच्या आलं होतं का? मी नंतर विचारलं. ते म्हणाले, "नियमानं झालं."

आठव्या दिवशी उत्तर आलं. ते पत्र मी तोंडपाठ केलंय. "संदर्भ: आपले दि. १२, मांजी सन १ चे पत्र. विषयांकित नळ्यांबाबत या कार्यालयात अन्य प्रकरण प्रलंबित असल्याचे प्रस्तुत नस्तीवरून दिसून येत नाही. सबब श्रमदानाने नळ्या बसविण्यास या कार्यालयाची हरकत नाही." खाली सही, गोल शिक्का.

सरकारनं आमचा सन मान्य केला होता. संदर्भात लिहून. मी डेअरीत ते पत्र मोठ्यानं वाचलं आणि 'नस्ती' म्हणजे फाइल हे समजावून सांगेपर्यंत लोक कुदळी आणायला गेलेसुद्धा.

श्रमदानाच्या दिवशी जेसीबी आला, मुरूम आला, ट्रॅक्टर आले. आणि सातव्या नळीत कुत्री व्यालेली निघाली. पाच पिल्लं. जेसीबीवाला म्हणाला काठीनं हुसकतो. वनितावहिनी पोटावर हात ठेवून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"तिला उठवायचं न्हाय."

"वैनी, सात नळ्यांचा पूल हाय."

"सहाचा करा. माझ्यापाय बांधताय न्हवं? मग माझं ऐका."

पूल सहा नळ्यांचा झाला. सातवी तिथंच काठावर राहिली, आत कुटुंबासहित. संध्याकाळच्या आत मुरूम पसरून झाला, तात्या सगळ्यात आधी वरून चालत गेले आणि परत आले. मग परत एकदा गेले.

मग गडबड झाली. वरिष्ठ कार्यालयातल्या एका साहेबांना कळलं की चौकशीतल्या नळ्या पाण्यात गेल्या. आम्हाला पत्र आलं, परवानगी अनवधानानं दिली गेली, नळ्या काढून पूर्ववत काठावर ठेवाव्यात, अमुक दिवशी सकाळी अकरा वाजता समक्ष पाहणी होईल. आणि शेंडगे भाऊसाहेबांना खुलासा मागितला, अस्तित्वात नसलेली तारीख शासकीय रजिस्टरला का घेतली?

हे ऐकून माझं हसू आटलं. मी तडक इंदापूरला गेले. मी लोकांसाठी भांडते म्हणून मिरवते, आणि निवृत्तीला टेकलेल्या माणसाला मी खुलासा लिहायला लावला होता. माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी हातानं थांबवलं. खुलासा लिहून तयार होता. त्यांनी मला दाखवला. मजकूर दोन ओळींचा, "पत्रावरील दिनांक नोंदविला. नियमानुसार." खाली तारीख होती, मांजी सन एक, दिवस एक्कावन्न.

"भाऊसाहेब, हे काय केलंत?"

"आता ह्ये ते कुठल्या फायलीला टाचत्यात बघू," ते म्हणाले. मग पेनला टोपण लावून म्हणाले, "एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या तारखा लिहितोय ताई. ध्यानात राहील अशी ही एकच आली."

त्यांचं पुढं काही वाईट झालं नाही एवढं सांगते. पण ते मला नंतर कळलं. त्या दिवशी परतताना बसमधे मी नखं खात होते.

पाहणीच्या दिवशी मी सकाळी सातलाच पल्याडवस्तीवर पोचले. आदल्या दिवशी वरच्या अंगाला पाऊस झालेला. ओढा दुथडी चाललेला, सहाही नळ्या तोंडभर पाणी ओकत होत्या आणि पाणी मुरमाच्या खाली एक वीतभर राहिलं होतं. सात असत्या तर दोन वीत राहिलं असतं, हे मला न सांगता कळत होतं. मी साहेबांसमोर वाचायला निषेधाचं पत्रक लिहून आणलं होतं. वनितावहिनी ओसरीवर केस विंचरत बसल्या होत्या. मधेच कंगवा थांबायचा, ओठ मिटायचे, परत सुरू.

"वहिनी, काय होतंय?"

"पहाटेपास्नं चाललंय."

मी हादरलेच. "मग निघायचं सोडून केस काय विंचरताय? दुधाचा टेम्पो बोलवते."

"टेम्पोवाला नव्या मुरमावर गाडी घालत न्हाय म्हणला. आनि साहेब येनार हायेत न्हवं अकराला?" टेम्पो अल्याड उभा राहिला तरी चाललं असतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"हो."

"जीपनंच येत्याल?"

"हो, पण..."

"मग थांबते तेवढं. अजून लांब लांब यायल्यात कळा. दुसरं बाळंतपन हाय माझं, मला कळतंय." त्यांनी कंगवा फिरवला. "तात्याला सांगा, साहेबाला च्या देऊ नका. टाईम जाईल."

मी आठ वर्षं शिकले काय, तर वाचायला लावायचंय त्याचं टेबल शोधायचं. या बाईनं साहेबांचं टेबल वस्तीवर बोलावून घेतलं होतं.

अकराला पाच कमी असताना जीप अल्याडच्या काठाला लागली. साहेब उतरले, हातात फाइल, जाडजूड, जुनी. पुलाच्या टोकाशी उभं राहून त्यांनी पाण्याकडं बघितलं, मग काठावरच्या सातव्या नळीकडं. तेवढ्यात पल्याडून वनितावहिनी पुलावर आल्या. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला त्यांचा नवरा, मागं तात्या कपड्यांची पिशवी घेऊन. मधोमध आल्यावर कळ आली. त्या थांबल्या, माझा दंड धरला. पायाखाली पाणी इतकं गर्जत होतं की पूल हलतोय असं मला वाटत होतं. कळ गेली. त्या सरळ झाल्या आणि चालू लागल्या.

साहेब वाटेतच होते. बाजूला व्हायला त्यांना जागा होती, तरी ते झाले नाहीत. बहुतेक सुचलं नसावं.

"साहेब," वनितावहिनी म्हणाल्या, "गाडी वळवून ठेवा."

साहेबांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्या हातातल्या पत्रकाकडं, आणि मागं वळून ड्रायव्हरला हाक मारली. "गाडी वळव."

तात्या पिशवी देऊन वस्तीवरच थांबले आणि जीप भिगवणच्या दवाखान्याकडं निघाली. साहेब पुढं, फाइल मांडीवर. वहिनींना आत नेल्यावर आम्ही व्हरांड्यात उभे राहिलो. ड्रायव्हर लॉगबुक घेऊन आला. सरकारी जीप कुठं गेली, कशासाठी गेली, ते लिहावं लागतं.

"साहेब, कारण काय लिहू?"

साहेबांनी बराच विचार केला. मग एकेक शब्द सुटा करत सांगितलं, "नळ्यांची समक्ष पाहणी केली. नळ्या वापरात आहेत." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "वापरातली वस्तू काढायची तर पर्यायी सोय आधी दाखवावी लागते. ती आमच्याकडं नाही."

मी पत्रक चार घड्या करून पर्समधे घातलं. न वाटलेलं, न वाचलेलं, माझं सगळ्यात यशस्वी पत्रक.

दीड वाजता मुलगी झाली. दोघी ठणठणीत. नर्सनं नोंदीचा फॉर्म माझ्याकडं दिला, वहिनींचा नवरा पेढे आणायला पळाला होता. आईचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. जन्मतारखेच्या रकान्यावर माझं पेन थांबलं आणि मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. या सनात जन्मलेलं पहिलं माणूस. मी मोठ्या ऐटीत लिहायला घेतलं, "मांजी सन..."

"काय लिवताय?" वनितावहिनींनी कॉटवरून विचारलं.

मी सांगितलं.

त्यांनी पोरीला या कुशीवरून त्या कुशीवर घेतलं. "खोडा ते. खरी तारीख टाका. हिला शाळंत घालायचीय."

"पण वहिनी, आपला सन..."

"आपलं काम झालं की ताई."

मी खोडलं. खरी तारीख टाकली, महिना टाकला, सगळ्या देशाचं असतं ते साल टाकलं आणि खाली सही केली.

मांजी सन संपला तो असा. दवाखान्याच्या खिडकीपाशी, भर दुपारी. जपान्यांना जवळजवळ तीन वर्षं लागली होती.

संध्याकाळी वस्तीवर फोन करून कळवलं. तात्यांनी विचारलं, मग उद्या डेअरीच्या वहीत काय लिहायचं?

म्हटलं, "मंगळवार लिहा."

"बरं," ते म्हणाले. "पोरगी पुलावरनंच येनार न्हवं घरी?"

"पुलावरनंच."